तिथीची पाऊणपट

मुलांनो, रविवारी कुठंतरी फिरायला जायचं ठरलं की तुमच्या घरी आधी काय बघतात? एस.टी.चं वेळापत्रक? टी.व्ही.वर क्रिकेटची मॅच आहे का, ते? की बाबांचा चेहरा? आमच्या घरी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतात. आणि तेसुद्धा तारखेसाठी नाही बरं का! तारखेच्या खाली बारीक अक्षरात तिथी छापलेली असते ना, ती बघण्यासाठी.

आमचं घर नागावला. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता धरला की दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात, त्यातलीच एक छोटीशी वाडी आमची. या सगळ्या पट्ट्याला अष्टागर म्हणतात. आगर म्हणजे बाग, आणि अशा बागांची आठ गावं म्हणून अष्टागर. घरात आम्ही पाच जण. सासूबाई, मुलांचे बाबा, मी, सहावीतली थोरली आणि तिसरीतला धाकटा. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर. रात्री सगळं शांत झालं की अंथरुणात पडल्या पडल्या त्याची गाज ऐकू येते. पाहुणे विचारतात, "तुम्हाला झोप कशी लागते हो?" आम्हाला उलट पुण्याला नणंदेकडे गेलो की झोप लागत नाही!

पण समुद्राजवळ राहणं म्हणजे रोज वाळूत किल्ले करणं नव्हे. समुद्राला रविवार कळत नाही. त्याचं स्वतःचं वेळापत्रक असतं, ते चंद्रावर चालतं, आणि काठावरच्या माणसांना त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. दारावर येणाऱ्या मासळीवाल्या मावशींचंच घ्या. पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपास त्यांची पाटी बोंबील, जवळा, कोलंबीनं भरलेली असते. अष्टमीला मात्र पाटी अर्धी आणि भाव दुप्पट! असं का? आमच्या भागात डोल नावाचं जाळं लावतात. हे जाळं म्हणजे एक भलीमोठी, लांबलचक पिशवी. ती समुद्रात एका जागी बांधून ठेवायची, आणि भरती-ओहोटीचं पाणी जोरात वाहू लागलं की त्याच्याबरोबर मासळी आपोआप आत येते. पुनवेला-अवसेला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, जाळं भरतं. अष्टमीला पाणी सुस्त असतं. त्याला इथं भांग म्हणतात. (तो प्यायचा भांग वेगळा!) म्हणून आमची थोरली जेवायला बसताना ताटाकडे बघून तिथी ओळखते. ताटात नुसती वालाची उसळ असली की म्हणते, "आई, भांग ना आज?"

आता ही तिथी बघून आम्ही करतो काय, ते सांगते. सासूबाई शाळेत चौथीपर्यंतच गेल्या, पण त्यांचे पाढे पक्के आहेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं तोंडपाठ. हल्लीच्या पुस्तकांत हे पाढे नाहीत. मी माझ्या वर्गात पाऊणकी तेवढी शिकवतेच, कारण समुद्राकाठच्या मुलांना ती हवीच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते! म्हणजे असं बघा, आज चतुर्थी. चार पाऊणे तीन. म्हणून आज दुपारी तीन वाजता आणि पुन्हा पहाटे तीनच्या सुमारास समुद्र पूर्ण भरणार. भरतीपासून सहा तास पुढं किंवा मागं मोजले की ओहोटी. म्हणजे सकाळी नऊला आणि रात्री नऊला पाणी सगळ्यात मागं हटलेलं. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नणंद आणि तिचा सातवीतला मुलगा आले होते. हा मुलगा गणितात भारी हुशार. त्यानं आजीची पाऊणपट ऐकली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "आजी, तुझा हिशोब चुकतोय. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे एक पाऊणे पाऊण, पाऊण वाजता. मग एका दिवसात भरती एकदम दीड तास पुढं गेली?"

सासूबाई काही गडबडल्या नाहीत. "पुनवेला नि अवसेला मी बाराच धरते," म्हणाल्या. "माझ्या सासूबाईपण बाराच धरायच्या."

मला मात्र राहवेना. रात्री जेवणं झाल्यावर पाटी घेऊन आम्ही दोघं बसलो. भरती का येते? चंद्र समुद्राचं पाणी आपल्याकडे ओढतो म्हणून. जी बाजू चंद्राकडे असते तिथं पाणी फुगतं, आणि नेमकं त्याच्या विरुद्ध बाजूलाही फुगतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असते, त्यामुळे आपला किनारा दिवसातून दोनदा त्या फुगवट्याखालून जातो. चंद्र जर एका जागी उभा राहिला असता, तर भरती रोज त्याच वेळेला आली असती. पण तो दररोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरतीलाही रोज थोडा उशीर होतो. पंधरा तिथ्यांमध्ये हा उशीर मिळून बरोबर बारा तासांचा होतो. बारा तासांची मिनिटं किती? ७२०. भागिले पंधरा? ४८. म्हणजे खरा हिशोब एका तिथीला ४८ मिनिटांचा आहे, आणि पाऊण तास म्हणजे ४५. तीन-तीन मिनिटांची चूक पंधरा दिवस साठत गेली की पाऊण तासाची होते. पौर्णिमेचे सव्वाअकरा आणि आजीचे बारा यांच्यातला फरक तो हाच! भाच्याला इतका आनंद झाला की त्यानं जाऊन झोपलेल्या आजीला उठवलं. आजी म्हणाल्या, "बरं, बरं. झोप आता. सकाळी चतुर्थी आहे, आठला वाळूवर पाय पाहिजेत."

एक मात्र सांगून ठेवते. ही पाऊणपट म्हणजे घरगुती अंदाज आहे. वारा, किनाऱ्याचा आकार, पावसाळा यांनी वेळ मागंपुढं होते. अर्धा तास तरी इकडंतिकडं धरावाच लागतो, आणि आमच्या किनाऱ्याचा ठोकताळा दुसऱ्या किनाऱ्याला चालेलच असं नाही. आता तर भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलवरही दिसतात. मुलांचे बाबा त्यावर बघतात, सासूबाई कॅलेंडरवर बघतात, आणि दोघांचं जुळलं की आम्ही निघतो.

तर त्या रविवारी आम्ही कुलाब्याच्या किल्ल्यावर गेलो. हा मुंबईचा कुलाबा नव्हे हं! अलिबागच्या किनाऱ्यासमोर, समुद्रात एका खडकावर हा किल्ला उभा आहे. आमच्या जिल्ह्याचं नावसुद्धा पूर्वी कुलाबा जिल्हा असंच होतं, १९८१ साली ते रायगड झालं. (गंमत म्हणजे मुंबईच्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला आणली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि विजेमुळे चुंबकाच्या नोंदी बिघडल्या असत्या. म्हणजे वेधशाळा कुलाब्याहून निघाली ती कुलाब्यातच आली!)

भरतीच्या वेळी या किल्ल्याला चारी बाजूंनी पाणी असतं, होडीशिवाय जाता येत नाही. ओहोटीला मात्र समुद्र मागं सरतो आणि ओल्या वाळूवरून चक्क चालत जाता येतं. घोडागाड्याही जातात. आम्ही चालत गेलो. पायाखाली वाळूवर पाण्याच्या नक्षीच्या रेघा, मधेच घोट्याएवढं पाणी, खडकांवर कालवं फोडणाऱ्या बायका. धाकट्यानं एक छोटा खेकडा शंख पाठीवर घेऊन पळताना पाहिला आणि तिथंच बसकण मारली. त्याला उचलूनच न्यावं लागलं.

किल्ल्याचं काम शिवाजीमहाराजांनी १६८० साली सुरू करवलं, पुरं झालं ते संभाजीमहाराजांच्या काळात. पुढं कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं झालं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून यावर चालून आले, पण किल्ला काही पडला नाही. तटाजवळ जाऊन नीट बघा. मोठमोठे दगड एकावर एक नुसते रचलेले आहेत, सांध्यात चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींमध्ये शिरतं आणि तिचा जोर मोडतो. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोडं! राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. उत्तरेच्या तटावर चाकं असलेल्या दोन तोफा आहेत. मुलं तोफांवरून उतरायलाच तयार नसतात. पण सासूबाई देवळाच्या पायरीवर बसून सारखी सावली बघत होत्या. आमचा घरचा नियम असा आहे की ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघायचं, आणि ती पूर्ण झाल्यावर तासाभरात अलिबागच्या किनाऱ्याला लागायचं. तोफ राहू दे, देऊळ राहू दे. सव्वानऊ वाजले की परत फिरायचं.

परतताना अर्ध्या वाटेत भाच्यानं मला थांबवलं. "मामी, पाणी समोरून येत नाहीये. बघ, बाजूनं येतंय." अगदी खरं होतं. आपल्याला वाटतं भरती म्हणजे समोरून लाटा धावत येणार. इथं तसं होत नाही. किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या सखल वाळूत दोन्ही बाजूंनी पाणी गुपचूप शिरतं. आवाज नाही, फेस नाही. मघाशी जिथं कोरडं होतं तिथं आता घोटा बुडतो, एवढंच. किल्ल्यावर रमलेल्या माणसाला ते कळतही नाही.

आम्ही किनाऱ्याला पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. शेवटची घोडागाडीही परत येत होती. आणि तेवढ्यात एक गृहस्थ, खांद्यावर चारेक वर्षांची मुलगी, हातात चपला, किल्ल्याच्या दिशेनं पाण्यात शिरताना दिसले. मागं बायको आणि आणखी एक मुलगा. घोडागाडीवाल्यानं हाक मारली, त्यांनी हसून हात हलवला. घोट्याएवढ्या पाण्याला कोण भिणार?

भाचा धावत गेला. "काका, आज चतुर्थी आहे!"

त्यांना वाटलं असेल, मुलाला उपास असावा. त्यानं खाली बसून ओल्या वाळूत बोटानं चार पाऊणे तीन मांडलं. भरती तीनला, ओहोटी नऊला, आता सव्वादहा. "तुम्ही किल्ल्यावर पोचाल, पण तुम्हाला परत येता येणार नाही. मधे पाणी तुमच्या डोक्याच्या वर असेल." गृहस्थ जरा वेळ वाळूतल्या आकड्यांकडे बघत राहिले. एवढ्यात एक लहानशी लाट आली आणि तिनं आकडे पुसले. मघाशी तिथं पाणी नव्हतं. ते वळले. बायकोला म्हणाले, "चल, आधी नाश्ता करू." मग भाच्याला विचारलं, "बरं, मग यायचं कधी?" त्याला एकदम सुचेना. सासूबाई मागून ओरडल्या, "बारशीला या! बारा पाऊणे नऊ. दुपारी तीनला ओहोटी. जेवून निघा!"

सगळेच रविवार असे किल्ल्याचे नसतात. तिथी सोयीची नसली की आम्ही दुसरीकडे जातो. कधी किहीमला जातो. तिथं १९३० साली पक्षितज्ज्ञ सालीम अली यांनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. सुगरण नर एकामागून एक अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन ती तपासते, पसंत पडलं तरच राहते, आणि मग नर ते पुरं करतो, हे त्यांनी तिथं तासन् तास बसून पाहिलं. कधी सायकलवरून आक्षीला. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानतात. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी तो एक, हजार वर्षांचा! माझी थोरली त्यातली अक्षरं बोटानं लावत बसते आणि दर वेळी एखादं ओळखीचं निघालं की ओरडते. कधी रेवदंड्याच्या पुढं कोर्लईला. तिथल्या पोर्तुगीज किल्ल्यापेक्षा मला खालच्या गावाचं नवल वाटतं. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षांच्या वर झाली, तरी तिथली ख्रिस्ती कुटुंबं अजून पोर्तुगीजमधून आलेली आपली वेगळी बोली घरात बोलतात. तिला ती 'नो लिंग' म्हणतात. अर्थ काय, तर आपली भाषा.

थंडीत मात्र कुठं जायला नको. शेतात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी! मडक्यात भांबुर्डीचा पाला, मीठ, ओवा घालून शेंगा भरायच्या, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी एक थेंब घालायचं नाही. पोपटीला तिथी लागत नाही, पण ती लावणारा जाणता माणूस मात्र लागतो.

आणि पावसाळ्यात? जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या ओढून वर काढलेल्या, समुद्र काळा-तपकिरी. त्याच्या जवळसुद्धा जायचं नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. त्या दिवसांतले रविवार माझ्या माहेरी जातात. माझं माहेर खारेपाटात, पोयनाडच्या बाजूला, धरमतरच्या खाडीकडे. तिथं समुद्र दिसत नाही, पण पाऊणपट तिथंही चालते, आणि तिथं ती सहलीसाठी नसते.

खारेपाटातली भातशेतं खाडीच्या भरतीच्या पाण्यापेक्षा खोल आहेत. मातीचे लांबच लांब बांध घालून खारं पाणी बाहेर थोपवलेलं असतं. बांधात उघाड्या असतात, म्हणजे दारं. ओहोटीला उघाडीतून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरती यायच्या आत ती बंद झालीच पाहिजे. माझे बाबा रात्री निजताना मोठ्यानं तिथी म्हणून बघायचे, ते यासाठी. याच भागातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ ला शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. सहा वर्षं त्यांनी खोतांची जमीन कसली नाही! खाडीतली मासळी आणि डोंगरातली लाकडं विकून दिवस काढले. बाबा ती गोष्ट सांगत तेव्हा मला वाटायचं, शेत न कसणं हे काय मोठंसं? ते मला सातवीत कळलं.

त्या वर्षी आषाढातल्या अवसेला रात्री बाराची भरती, उधाणाची, आणि वर धो धो पाऊस. अकराच्या सुमाराला गावातली माणसं कंदील, फावडी, पेंढ्याचे भारे घेऊन बांधावर गेली. बाबाही गेले. पहाटे परतले ते गळ्यापर्यंत चिखलानं माखलेले. "खांड गेली," एवढंच म्हणाले. खांड जाणं म्हणजे बांध फुटणं. सकाळी मी पाहिलं तर लावणी केलेलं सगळं शेत पाण्याखाली, चकाकत होतं. आम्ही मुलं खुशीत, कारण शेतात मासे आले होते! आठवड्याभरात रोपं पिवळी पडली. जमिनीत मुरलेलं मीठ धुऊन निघायला एक पाऊस पुरत नाही. तीन वर्षं आमच्या घरी विकतचा तांदूळ आला. आजी अंगणात बसून तो निवडायची तेव्हा एक शब्द बोलायची नाही. पुढं बांध उभा राहिला, बाबांनी खाऱ्या जमिनीत तग धरणारं 'पनवेल' जातीचं बी आणलं, आणि चौथ्या वर्षी लोंब्या धरल्या.

आता बाबा थकलेत. उघाडीवर धाकटा भाऊ जातो. गेल्या जुलैत आम्ही गेलो तेव्हा माझी दोन्ही मुलं मामाबरोबर बांधावर गेली. उघाडीजवळच्या चिखलात निवट्या टणाटण उड्या मारत होत्या. निवटी म्हणजे चिखलात फिरणारी छोटी मासळी. बाबा ओट्यावरून ओरडले, "आज तिथी कोणती रे?"

"सप्तमी!" धाकटा बांधावरून ओरडला.

"मग उघाडी कधी लावायची?"

थोडा वेळ नुसता पाऊसच ऐकू येत होता. मग तिकडून लांबून आवाज आला, "सात पाऊणे... सव्वापाच! पण मामा म्हणतो, चारलाच लावू!"

येत्या रविवारी दशमी आहे. आमच्या घरात दोन तट पडलेत. थोरलीला कुलाब्याला जायचंय, धाकट्याला कोर्लईला. बालमित्रांनो, तुम्हीच पाऊणकी म्हणून बघा आणि सांगा, भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता? आणि कुलाब्याला जायचं झालं, तर घरून जेवून निघायचं की डबा घेऊन?